शिल्पीच्या सन्मानाची शिफारस : पट्टदकल येथील दाखला

शिल्पकाराचें नांव सार्वजनिक सन्मानासाठीं सुचवावयाचें झाल्यास शिफारसपत्रांत काय लिहावें, असा प्रश्न एका माजी विद्यार्थ्यानें प्रस्तुत लेखकास नुकताच केला. त्याच्या मसुद्यांत 'थोर', 'प्रतिभावंत', 'अद्वितीय' इत्यादि विशेषणांची रेलचेल होती. मूर्ति मात्र एकहि नव्हती. त्यावरून पट्टदकलच्या शिलालेखांची आठवण झाली.

मलप्रभेच्या तीरावरील तेथील विरूपाक्षमंदिर चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याची राणी लोकमहादेवी हिनें इ. स. ७४० च्या सुमारास बांधविलें. त्याचें मूळ नांव लोकेश्वर. डॉ. फ्लीट यांनीं प्रसिद्ध केलेल्या तेथील लेखांत, राजानें कांची तीनदां जिंकल्याचा उल्लेख आहे आणि त्या विजयाला लागूनच मंदिराच्या सूत्रधाराचा सन्मान नोंदलेला आहे. या सूत्रधारास 'पेर्जेरेपु' नामक पट्ट व 'त्रिभुवनाचारी' ही पदवी मिळाली. त्याचें नांव गुंड. त्यासच अनिवारिताचारी असेंहि म्हटलें आहे. 'अनिवारित' हें तर खुद्द चालुक्यांचें बिरुद! पाथरवटाच्या नांवाआधीं राजाचें बिरुद लागावें, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा लेख सर्वसिद्धि आचारीचा. त्यास दक्षिण दिशेचा सूत्रधार म्हटलें आहे. पण तेवढ्यावर न थांबतां वास्तु, प्रासाद, यान, आसन, शयन, रत्नमुकुट अशीं त्याच्या अधिकाराचीं क्षेत्रें एका लांबलचक समासांत गोंविलीं आहेत. लेखाची भाषा कानडी, समास संस्कृत. वैयाकरणास तो जड वाटेल. परंतु शिफारस करणारानें त्याचाच कित्ता गिरवावा.

प्राचीन शिल्पी स्वतःचें नांव मागें ठेवीत नसे, असें सरसकट म्हणण्याची आपल्याकडे रूढि आहे. याच मंदिरांत दुग्गी आचारीचा पुत्र बलदेव, तसेच चेंगम्म व पुल्लप्पन यांचीं नांवें त्यांच्या शिल्पांजवळ कोरलेलीं आहेत. प्रमुखास पट्ट मिळाला म्हणून इतरांचीं नांवें पुसलीं गेलीं नाहींत.

आतां जवळचें उदाहरण. अलिबागेजवळील सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकर या मुलानें भिंतीवर काढलेलें शिवछत्रपतींचें चित्र पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनीं त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत धाडण्याची व्यवस्था केली. माझ्या मतें हीच खरी शिफारस. ती नांव ऐकून नव्हे, काम पाहून झाली. पुढें करमरकरांचा पुण्यांतील अश्वारूढ शिवपुतळा १९२८ सालीं उभा राहिला. पद्मश्री मिळाली ती १९६२ सालीं, वयाची सत्तरी उलटल्यावर.

विद्यार्थ्यास मसुदा परत केला. विशेषणें खोडून प्रत्येक मूर्तीचें स्थळ, साल, माध्यम आणि ओतकाम करणाऱ्या कारागिरांचीं नांवें लिहावयास सांगितलें. दुसऱ्या मसुद्यांत तीन कारागिरांचीं नांवें आलीं आहेत. चौथ्याचें शिल्पकारासहि आठवेना, म्हणून विद्यार्थी तें विचारावयास ओतशाळेंत गेला आहे.