आपल्या नगरपालिकांच्या मालकीचं नेमकं आहे तरी काय? घसाऱ्याचा एक स्थानिक इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय रुक्ष वाटेल, पण तुमच्या-माझ्या घरपट्टीच्या पैशाचा आहे.

सध्या जिकडेतिकडे डॅशबोर्डची चर्चा आहे. पालिकेची सगळी मालमत्ता एका स्क्रीनवर दिसणार: इमारती, पंप, पाइपलाइन, दिव्यांचे खांब, घंटागाड्या, दवाखान्यातली यंत्रं. कोणती वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, आज तिची किंमत काय उरली, एका क्लिकवर. कल्पना चांगलीच आहे. पण स्क्रीनवर दिसणार काय, तर नोंदवहीत जे असेल तेच. आणि आपल्या तीन शहरांच्या नोंदवह्यांचा इतिहास साधा नाही.

आधी शब्द समजून घेऊ. घसारा म्हणजे वापराने, काळाने वस्तूची जी झीज होते ती दरवर्षी पैशात मांडणं. समजा पालिकेने 12 लाखांचा पंप घेतला आणि तो 15 वर्षं चालेल असं धरलं. मग दरवर्षी 80 हजार रुपये घसारा. पंप डिसेंबरमध्ये घेतला असेल तर पहिल्या वर्षी निम्मा, 40 हजार, कारण 1 ऑक्टोबरनंतर घेतलेल्या वस्तूला पहिल्या वर्षी अर्धाच दर लागतो. जमिनीला घसारा नसतो. बस, एवढंच गणित. अवघड गणित नाहीच. अवघड आहे ते आपल्याकडे काय काय आहे हे आधी मोजणं.

आता उल्हासनगर घ्या. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना याच छावणीत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. कॅम्प 1 ते कॅम्प 5 हे आकडे आजही आपण पत्त्यात लिहितो.

त्या बॅरेक युद्धापुरत्या होत्या. सैनिक येणार, काही दिवस राहणार, बोटीने पुढे जाणार. शतकभर टिकाव्यात म्हणून त्या कोणी बांधल्या नव्हत्या. पण लोकांनी त्यात पडदे लावून खोल्या केल्या, खोल्यांची घरं केली, घरांची दुकानं केली. आज ऐंशी वर्षांनीही काही बॅरेक उभ्या आहेत.

या छावणीचा मालक किती वेळा बदलला बघा. आधी लष्कर. मग पुनर्वसन खातं. मग 1954 च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याखाली अनेकांना सनदा मिळाल्या, म्हणजे काही भाग खासगी झाला. रस्ते, मैदानं, शाळा, दवाखाने वगैरे सार्वजनिक गोष्टी नगरपालिकेकडे आणि ऑक्टोबर 1996 मध्ये महापालिका झाल्यावर महापालिकेकडे. सरकारी भाषेत याला ‘चार्ज देणे’ म्हणतात. प्रत्येक चार्जबरोबर एक यादी असायला हवी: काय दिलं, काय घेतलं, कोणत्या अवस्थेत.

अंबरनाथ-बदलापूरकरांनो, तुमची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. 1983 साली कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर तिच्यात गेले. 1992 साली पुन्हा बाहेर पडून वेगळ्या नगरपरिषदा झाल्या. म्हणजे नऊ वर्षांत एकदा एकत्र कुटुंब आणि एकदा वाटणी. घरात वाटणी होते तेव्हा आजीच्या पितळी हंड्यावरूनही भांडण होतं. इथे तर रस्ते, टाक्या, शाळा, भूखंड होते.

शिवाय आजूबाजूची गावं पालिकांत आली. गावाकडे नोंदवह्या नव्हत्या असं समजू नका. ग्रामपंचायतीच्या लेखा संहितेत नमुना 22 ही स्थावर मालमत्तेची नोंदवही, नमुना 23 रस्त्यांची, नमुना 24 जमिनीची. नमुना 33 तर झाडांची! प्रश्न एवढाच की गाव शहरात आलं तेव्हा त्या वहीतली प्रत्येक ओळ शहराच्या वहीत उतरली का?

त्यात पाण्याचं निराळंच. बारवी धरण एमआयडीसीचं. उल्हासनगर तिच्याकडून पाणी विकत घेतं. अंबरनाथ-बदलापूरला पाणी देणारं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. धरण एकाच्या वहीत, जलवाहिनी दुसऱ्याच्या, रस्ता तिसऱ्याच्या. जलवाहिनी फुटली की रस्ता खचतो आणि मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. हा तुम्हा-आम्हाला आलेला अनुभव मुळात नोंदवहीचाच प्रश्न आहे.

आता एक मजेशीर तुलना. घसाऱ्याचा विचार आपल्या गावात पहिल्यांदा कुठून आला असेल? माझ्या मते रेल्वेतून.

जीआयपी रेल्वे 1853 ला ठाण्यापर्यंत आली, 1854 ला कल्याणला, आणि 1856 ला अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेली. त्याच काळात ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांत एक वाद पेटलेला होता. नवी लाइन, नवे रूळ, नवी इंजिनं. पहिली काही वर्षं दुरुस्ती जवळपास नाही. मग भागधारकांना भरपूर लाभांश वाटायचा. पंधरा-वीस वर्षांनी सगळं एकदम बदलायची वेळ आली की तिजोरी रिकामी. तेव्हा हिशेबनिसांच्या लक्षात आलं की तो नफा मुळात नफा नव्हताच. रुळांची झीज वाटून खाल्ली होती.

भारतातही तेच झालं. नूतनीकरणाला पैसा किती मिळणार हे त्या त्या वर्षीच्या सरकारी अंदाजपत्रकावर ठरायचं. पहिल्या महायुद्धात रूळ, डबे, इंजिनं झिजून गेली. 1920-21 मध्ये अ‍ॅकवर्थ समितीने हे स्पष्ट मांडलं. 1924 साली रेल्वेचं अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळं झालं आणि घसारा राखीव निधी सुरू झाला. निधी हा शब्द लक्षात ठेवा. वहीत घसारा लिहिणं वेगळं आणि तेवढे पैसे बाजूला काढून ठेवणं वेगळं.

आणि नगरपालिका? त्या कितीतरी वर्षं साध्या जमा-खर्चावर चालल्या. या पद्धतीत 12 लाखांचा पंप आणि 12 लाखांचा मंडप यात फरकच नाही. दोन्हीचे पैसे गेले, खर्च पडला, वर्ष संपलं. पंप पुढची पंधरा वर्षं आहे आणि झिजतो आहे, हे जमा-खर्चाला दिसत नाही. जडसंग्रह नोंदवहीत त्याची एक ओळ असेल, पण ती ओळ आणि अंदाजपत्रक यांची कधी गाठ पडत नाही.

हे बदलायला 2002 साल उजाडलं. त्या वर्षी कॅगच्या कार्यगटाने नगरपालिकांसाठी उपार्जित तत्त्वावरची द्विलेखा नोंद पद्धत सुचवली. 2004 मध्ये राष्ट्रीय महापालिका लेखा संहिता आली. डिसेंबर 2005 मध्ये सुरू झालेल्या जेएनएनयूआरएममध्ये निधी हवा असेल तर ही सुधारणा करा, अशी अट पडली. 1924 ते 2004, मोजा. ज्या रुळांवरून आपण रोज मुंबईला जातो त्यांच्या झिजेला निधी मिळाल्यानंतर, त्या स्टेशनबाहेरच्या रस्त्याच्या झिजेचा हिशेब मांडायची संहिता यायला ऐंशी वर्षं गेली.

त्या संहितेत एक नियम आहे, मला तो फार बोलका वाटतो. जी मालमत्ता पालिकेला फुकट मिळाली, तिची नोंद एक रुपया किमतीने करायची. आपल्यासारख्या वारसाहक्काने वाढलेल्या शहरांत असे किती ‘एक रुपये’ असतील विचार करा. एक रुपयावर घसारा तो काय निघणार? म्हणजे ताळेबंदात वस्तू आहे, तिची झीज मात्र शून्य. प्रत्यक्षात तिचं छप्पर गळतं आहे. डॅशबोर्डवर तिथे हिरवा दिवाच दिसेल.

दुसरी अडचण वयाची. ‘उपयुक्त आयुष्य’ हा शेवटी अंदाज आहे. उल्हासनगरने त्याची किंमत मोजली आहे. मे 2021 मध्ये पंधरा दिवसांच्या आत शहरातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. इमारती खासगी होत्या, पालिकेच्या नव्हत्या. पण धडा सगळ्यांसाठी आहे. त्या 1990 च्या दशकातल्या होत्या. महापालिका कायद्याचं कलम 265-अ संरचनात्मक तपासणी मागतं ते 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची. म्हणजे कागदावर त्या तरुण होत्या. 855 बेकायदा इमारतींचं न्यायालयीन प्रकरण आणि 2006 चा नियमितीकरण कायदा आठवा. बांधकाम कसं झालं हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

तिकडे तात्पुरती बॅरेक ऐंशी वर्षं उभी, इकडे आरसीसी तीस वर्षांच्या आत खाली. अंबरनाथचं शिवमंदिर तर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. म्हणून वहीतलं वय एका रकान्यात आणि प्रत्यक्ष पाहणीतली स्थिती दुसऱ्या रकान्यात, असे दोन रकाने डॅशबोर्डवर शेजारी-शेजारी हवेत. लेखा मानकंही उपयुक्त आयुष्याचा दरवर्षी फेरविचार करायला सांगतात. तो फेरविचार ऑफिसात बसून होत नाही, त्यासाठी अभियंत्याला जागेवर जावं लागतं.

आणि जमिनीखाली आहे त्याचं काय? बदलापुरात जेएनएनयूआरएममधून भुयारी गटार योजना झाली. खर्च मोठा, दिसत काहीच नाही. अशा मालमत्तेला नोंदवही हेच एकमेव डोळे. कुठून कुठे, किती व्यासाचा पाइप, कधी टाकला हे लिहिलेलं नसेल, तर पुढच्या पिढीला ते रस्ता खणूनच कळेल. काम ‘प्रगतिपथावर’ असेपर्यंत घसारा लागत नाही, हेही लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं वापरात असलेली योजना कागदावर अपूर्णच ठेवली, तर तिची झीज हिशेबात येतच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पैसा. घसारा लिहिला म्हणून पैसे जमत नाहीत. ती कागदावरची नोंद आहे, रोख रक्कम नाही. रेल्वेचा निधी शंभर वर्षांचा, तरी त्यात पुरेसे पैसे टाकले जात नाहीत म्हणून कॅगने रेल्वेला अनेकदा टोकलं आहे. निधी असून ही गत. निधीच नसेल, तर डॅशबोर्ड आपल्याला फक्त एवढंच सांगणार की वस्तू मोडत चालली आहे. मोडल्यावर पुन्हा शासनाकडे अनुदान मागायचं, नवं घ्यायचं, नारळ फोडायचा, फोटो काढायचा. दुरुस्तीचा नारळ कोणी फोडत नाही.

मग आपण काय करायचं?

पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी अट घातली होती की पालिकांनी आपले वार्षिक लेखे ऑनलाइन जाहीर करावेत. केंद्राच्या सिटी फायनान्स पोर्टलवर असे ताळेबंद पाहता येतात. त्यात तीन आकडे शोधा: स्थिर मालमत्ता, संचित घसारा आणि प्रगतिपथावरील भांडवली कामं. संचित घसाऱ्याला मालमत्तेच्या मूळ किमतीने भागा. उत्तर 0.6 आलं, तर ढोबळमानाने घसारा लागणाऱ्या वस्तूंचं साठ टक्के आयुष्य सरलं. जमीन मात्र आधी वजा करा, नाहीतर शहर उगीच तरुण दिसेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक येतं तेव्हा आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा.

1. मालमत्तेची शेवटची प्रत्यक्ष मोजणी कधी झाली? वहीवरून नव्हे, जागेवर जाऊन.
2. एक रुपया किमतीने नोंदलेल्या मालमत्ता किती आणि त्यांच्या दुरुस्तीची तरतूद कुठल्या शीर्षाखाली आहे?
3. यंदाचा घसारा किती आणि त्यातले किती रुपये खरोखर बाजूला काढले?

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार आहेच. पण आधी विचारून तर बघा. नगरसेवकालाही हे कोणी विचारलेलं नसतं.

डॅशबोर्डला विरोध नाही, उलट तो लवकर यावा. पण आधी मोजणी, मग नोंद, मग निधी, आणि शेवटी स्क्रीन असा क्रम हवा. टेंडर स्क्रीनचंच आधी निघालं तर त्या स्क्रीनचाही घसारा आपल्यालाच भरायचा आहे.

तुमच्या प्रभागात अशी कुठली सार्वजनिक वास्तू, टाकी, शाळा, समाजमंदिर आहे का, जी कोणाच्या मालकीची हेच कोणाला सांगता येत नाही? कमेंटमध्ये जागा लिहा, शक्य असेल तर फोटो टाका. यादी करायला कुठूनतरी सुरुवात करावी लागेल, आपणच करू.

#उल्हासनगर #अंबरनाथ #बदलापूर