सुईवांचून रोगपरीक्षा

कांहीं रोगांचीं नांवें आपल्या घरांतून अद्यापहि आवाज उतरवूनच घेतलीं जातात. ‘गुप्तरोग’ हा आपला शब्दच पाहा ना! रोगाचें स्वरूप सांगण्याऐवजीं तो रोग लपविण्याची रीत सांगतो. कै. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून या लपवालपवीवर पुष्कळ प्रहार केले. तरी ती समूळ गेली असें म्हणवत नाहीं. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती हिच्याशींच निगडित आहे. स्त्रीपुरुषसंबंधांतून पसरणाऱ्या एका विषाणूची परीक्षा शरीरांत सुई न टोंचतां कशी होऊं लागली, आणि त्यासाठीं काय किंमत मोजावी लागली, ही ती हकीकत.

अशा रोगांसाठीं रक्त काढण्याचा प्रघात जुना आहे. १९०६ सालीं ऑगस्ट फॉन वासरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उपदंशाची रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून ‘रक्त तपासून घ्या’ या साध्या वाक्याला एक बोचरा अर्थ चिकटला. उपदंश हा जंतूंचा रोग, विषाणूंचा नव्हे. परंतु पुढें एड्स उद्भवला तेव्हां हाच प्रघात चालू राहिला. अमेरिकेंत मार्च १९८५ मध्यें एच्.आय्.व्ही.च्या पहिल्या रक्तपरीक्षेस परवाना मिळाला. तिचा मूळ हेतु रक्तपेढ्यांतील रक्त निर्धोक ठेवणें हा होता. ज्याचें रक्त तपासलें त्या माणसाचें पुढें काय, हा प्रश्न मागाहूनचा.

पुढच्याच वर्षीं ही परीक्षा आपल्या देशांत काय दाखविते तें मद्रासेस दिसून आलें. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजंतुशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेस चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय घराण्यांतील कन्या. त्यांनीं आपल्या विद्यार्थिनीला, निर्मला सेल्लप्पन यांना, या रोगाचा शोध घेण्याचें काम दिलें. निर्मलाबाईंनीं सरकारी सुधारगृहांत ठेवलेल्या वेश्यांचें रक्त जमविलें, घरच्या शीतकपाटांत तें ठेवलें आणि बर्फांत घालून आगगाडीनें वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत नेलें. सहा नमुन्यांनीं रंग बदलला. भारतांत एड्सचा विषाणु शिरल्याचा तो पहिला पुरावा! काम निःसंशय धैर्याचें होतें. मात्र आपल्या रक्तांत कोणता रोग शोधला जात आहे, याची त्या स्त्रियांना कल्पना नव्हती. सुधारगृहांत अडकलेल्या बाईनें हात पुढें करूं नये तर काय करावें?

इकडे १९८७ मध्यें लंडनच्या कोलिंडेल भागांतील सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेंतून पॅरी, मॉर्टिमर आदि संशोधकांनीं दाखविलें कीं, विषाणूंविरुद्ध शरीर जीं प्रतिद्रव्यें निर्माण करतें तीं लाळेंतहि ओळखतां येतात. येथें श्रोत्यांनीं एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. परीक्षेंत सांपडतें तें प्रतिद्रव्य, विषाणु नव्हे. ‘लाळेंत रोग सांपडतो, म्हणजे उष्ट्या पेल्यानें रोग जडतो’ असें अनुमान अनेकांनीं केलें. तें सर्वथैव चुकीचें आहे. खरें पाहतां परीक्षेला लागतो तो द्रव लाळेहूनहि निराळाच. हिरड्या व गालाचें आंतलें अंग यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून तो पाझरतो. त्यांत प्रतिद्रव्यें रक्ताच्या मानानें शेंकडों पटींनीं कमी असतात, आणि पुढील सगळी अडचण या एका गोष्टींतून उपजली.

मग सुधारणा झपाट्यानें झाल्या. १९९४ मध्यें अमेरिकेंत हिरडीचा द्रव टिपून प्रयोगशाळेकडे धाडण्याच्या साधनास मान्यता मिळाली, १९९६ मध्यें मूत्रपरीक्षेस, आणि २००४ मध्यें हिरड्यांवरून फिरवून वीस मिनिटांनीं उत्तर देणाऱ्या पट्टीस. उत्साह इतका कीं धोका नजरेआड व्हावा. २००५ मध्यें न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील दवाखान्यांत निरोगी माणसेंहि अपेक्षेहून अधिक संख्येनें बाधित दिसूं लागलीं! रक्ताच्या दुसऱ्या परीक्षेवांचून बाधा ठरवूं नये, हा नियम त्यामुळें अधिकच पक्का झाला.

आपल्याकडे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथें, महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेंत, ४५० लोकांवर ही पट्टी वापरून पाहण्यांत आली; निष्कर्ष २००७ मध्यें प्रसिद्ध झाले. रक्तपरीक्षेंत बाधित ठरलेला एकहि मनुष्य पट्टीच्या हातून निसटला नाहीं, आणि बहुसंख्य लोकांनीं सुईपेक्षां पट्टीच पसंत केली. हा निकाल स्पृहणीय खरा. पण हे लोक रोगाचा संशय असल्यानें तपासलेले होते, व परीक्षा शिकलेल्या हातांनीं झाली होती. २०१२ मध्यें हीच पट्टी अमेरिकेंत दुकानांतून घरीं नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हांचे आंकडे निराळे आहेत: निरोगी ५,००० माणसांत एकास ती चुकून बाधित म्हणे, परंतु बाधित बारांपैकीं एकास निर्दोष ठरवी. संसर्गानंतर सुमारें तीन महिने तिच्या ‘नाहीं’वर विसंबतां येत नाहीं, तें वेगळेंच.

बारांत एक ही चूक लहान नव्हे. तरीहि जो मनुष्य लाजेपायीं दवाखान्याची पायरी कधींच चढला नसता, त्याच्यापुढें निवड पट्टी व सुई यांत नसून पट्टी व अज्ञान यांत असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ मध्यें स्वतःची परीक्षा स्वतः करण्याची शिफारस केली ती याच विचारानें, आणि मला ती योग्य वाटते.

मला भीति वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जें दुखत नाहीं तें करवून घेणें सोपें असतें. लग्नाआधीं मुलीपुढें, नोकरीआधीं उमेदवारापुढें ती पट्टी ‘एवढेंच ना!’ म्हणून सरकविणारे हात निघणार नाहींत असें नाहीं. २०१७ मध्यें संसदेनें केलेला एच्.आय्.व्ही.विषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. कांहीं अपवाद सोडल्यास, त्या व्यक्तीस नीट समजावून तिची संमति घेतल्यावांचून परीक्षा करतां येत नाहीं, असें तो सांगतो. मद्रासच्या त्या स्त्रियांपुढें सुई आली तेव्हां असा कायदा नव्हता.