गाडगेबाबा आणि कुंताबाई



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत हळदीकुंकवाचा वृत्तांत आणि पाककृती दरवर्षी येतात. यंदा कोणी तरी इतिहासावर लिहावे असे ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून राजेरजवाड्यांच्या वाटेला मी गेले नाही. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा गाडगेमहाराजांविषयी लिहिते.

निमित्त घरचेच आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेला कर्करोग झाला म्हणून मुंबईस टाटा रुग्णालयात न्यावे लागले. नवस बोलून झाले होते, उपासही चालू होते. पण मुंबईत उतरायचे कोठे? दादरला अशा रुग्णांसाठी व त्यांच्या माणसांसाठी गाडगेमहाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. ती बाबांच्या पश्चात उभी राहिली. तेथे आम्हांला जागा मिळाली. पहिल्या रात्री जाऊ म्हणाली, "बाई, देवाची कृपा म्हणतात ती हीच का हो?" मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर वाचनालयातून बाबांचे चरित्र आणले.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुळात. बाप दारूपायी गेला, मुलगा दापुऱ्यास मामाकडे वाढला. गुरे राखली, शेती केली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण द्यायचे; डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. लोक रुसले असतील, पण ते बधले नाहीत. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. हातात मडक्याचे खापर आणि खराटा. गावात शिरावे, कोणाला न विचारता रस्ते झाडावेत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला विचारावे, की कर्ज काढून सण कशाला करता, देवापुढे मुके जनावर का मारता, पोराला शाळेत का घालीत नाही? पाया पडायला कोणी वाकले तर काठी उगारीत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला शिष्य नाही, असे सांगत.

पंढरीला ते आयुष्यभर गेले, पण देवळात दर्शनाला जात नसत. वारकरी राउळाकडे जात, तेव्हा हे चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्या वारकऱ्यांना पंढरीत कोणी ओसरीवरही घेईना. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. विठोबाचे दार या लोकांना उघडले ते पुष्कळ पुढे, १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा. १९४९ साली बाबांनी ती धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नाशिक, आळंदी, देहू येथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या. एवढे बांधून स्वतः मात्र खापरातलीच भाकरी खाल्ली. कृपा मागायला हा माणूस देवाकडे गेलेला मला तरी दिसला नाही. ती आधीच मिळाली आहे आणि आता ती वाटायची तेवढी राहिली आहे, अशा घाईने तो जगला.

येथवर वाचताना ऊर भरून येतो. पुढे मात्र मी अडले. बाबांनी घर सोडले तेव्हा मागे पत्नी कुंताबाई होत्या, लहान लेकरे होती. चरित्रात त्यांच्या वाट्याला किती ओळी आल्या ते मोजायला फार वेळ लागला नाही. तरुण मुलगा गोविंदा १९२३ साली गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते, आणि कीर्तन त्यांनी थांबवले नाही. मी पुस्तक मिटून ठेवले. त्या रात्री कुंताबाईंजवळ कोण बसले असेल?

सासूबाईंशी यावरून माझे वाजले. त्या म्हणाल्या, "संताच्या बायकोने एवढे सोसायचेच." मी म्हटले, "सोसायचे खरे, पण तिला विचारले होते का?" त्या गप्प राहिल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो घरी राहिला असता, तर आपली पोर मुंबईत कोठे निजली असती?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही. बाबांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण दादरच्या त्या खोलीच्या पायात एक दगड कुंताबाईंचाही आहे, एवढे मी धरून चालते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, बाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा चौदाच दिवस झाले होते.

जाऊ आता बरी आहे. परवा नवस फेडायचा विषय निघाला. देवीच्या साडीचे पैसे आधी काढायचे, की दादरला पाठवायचे आधी, यावरून घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी जावेनेच तोड काढली. साडी साधी घेतली आणि उरलेल्या पैशांची मनिऑर्डर तिने स्वतः जाऊन केली.