१९२७ चा भाव

मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा मला आजही धाडसी वाटतो. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, गटारे, बागा यांपुरती जागा काढून घ्यायची आणि उरलेले भूखंड नीट आखून मूळ मालकांना परत द्यायचे. रस्ता आला की भाव चढणार; त्या वाढीचा जास्तीत जास्त निम्मा हिस्सा मालकाने योजनेच्या खर्चाला द्यायचा. नगरपालिकेची तिजोरी रिकामी असली, तरी रस्ता अडायला नको.

अडली ती तारीख. अहमदाबाद नगरपालिकेने शहराच्या कोटालगतच्या एका योजनेचा इरादा जाहीर केला १९२७ मध्ये. योजना अंतिम झाली १९५७ मध्ये! मधल्या ३० वर्षांत महायुद्ध झाले, स्वातंत्र्य आले, १९५४ चा नवा कायदाही आला. गेलेल्या जमिनीची भरपाई मात्र १९२७ च्याच भावाने. एक मालक कोर्टात गेला. हायकोर्टात जिंकला, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. निकाल लिहिणारे न्या. जे. सी. शहा मूळचे अहमदाबादचेच.

तो निकाल वाचताना माझी सहानुभूती आधी मालकाकडे जाते. पण कायद्याने भाववाढही इरादा जाहीर झाल्याच्या तारखेलाच मोजायची होती. म्हणजे मालकाला भरपाई जुन्या रुपयांत, तशी नगरपालिकेची वर्गणीही जुन्याच रुपयांत. खडी, विटा, गटाराचे पाइप मात्र चालू बाजारभावाने घ्यायचे.