पोटात एक असताना दुसरं राहतं का?



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशोब संपला, चहा आला, आणि एक मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, एक विचारू? पोटात एक असताना दुसरं राहतं का हो?" सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या सुनेला जुळं झालं होतं. एक अडीच किलोचं, दुसरं पावणेदोन किलोचं. एक उजळ, एक सावळं. बारशाला भावकीतलं कुणीतरी बोलून गेलं, "धाकटं मागनं राहिलेलं दिसतंय." बोलणारी बाई जेवून गेली, पण त्या घरात नंतर कुणाला घास गोड लागेना. मुलगा गप्प गप्प, आणि सून कोपऱ्यात.

आता हा प्रश्न काही आपल्याच गावातला नाही. तो फार जुना आहे, आणि मोठमोठ्या लोकांनी विचारलेला आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

सुमारे 2300 वर्षांपूर्वी ग्रीस देशात अरिस्टॉटल नावाचा पंडित होऊन गेला. प्राण्यांवरच्या त्याच्या ग्रंथात हा विषय येतो. रानससा, तो म्हणतो, पोटात पिल्लं असताना पुन्हा गाभण राहतो. बाईचंही क्वचित असं होतं, पण दुसरा गर्भ पहिल्याच्या पाठोपाठ राहिला तरच दोन्ही मुलं जगतात. त्याला त्यानं दाखला दिला तो तिथल्या पुराणातला. हेराक्लीस हा त्यांचा महापराक्रमी वीर, आणि इफिक्लीस त्याचा जुळा भाऊ. एक देवाचा मुलगा, एक माणसाचा. त्यांची आई अल्कमेनी हिच्याकडे देवांचा राजा तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन आला, आणि त्याच रात्री खरा नवराही लढाईवरून परतला, अशी ती कथा. आपल्या अहल्येची आठवण येते ना? फसवणारा देव, आणि चर्चा बाईच्या पोटाची.

पुढे अरिस्टॉटलच्या ग्रंथात व्यभिचारिणीचं उदाहरण आहे: तिला जुळं झालं, एक नवऱ्यासारखं दिसणारं, दुसरं त्या परपुरुषासारखं. त्यानंतर साडेतीनशे-चारशे वर्षांनी रोमच्या प्लिनीनं असंच एका दासीबद्दल लिहिलं. तिचं एक मूल मालकासारखं, एक कारभाऱ्यासारखं. मला नेहमी वाटतं, त्या दासीला कुणी विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? दासीला नाही म्हणायची सोय होती का?

आपल्याकडचे वैद्य मात्र वेगळ्या वाटेनं गेले. चरकसंहितेत शारीरस्थान म्हणून भाग आहे, त्यात जुळ्यांची चर्चा आहे. वायूनं बीजाचे भाग पाडले की जुळं होतं, असं तिथं म्हटलंय. आणि दोघांत एक मोठं, एक बारकं का? तर वाटणी सारखी झाली नाही म्हणून, आणि ज्याचं त्याचं पूर्वकर्म म्हणून. वायूनं भाग पडतात हे आज कुणी मानत नाही. पण त्या वैद्यांनी लहान-मोठ्या जुळ्यांकडे बघून आईच्या वागण्याचा पंचनामा केला नाही, हे मला मोठं वाटतं.

युरोपात तो पंचनामा चालूच राहिला. जुळं म्हणजे दोन बाप, अशी समजूत तिथं लोकांत होती. बाराव्या शतकात मारी द फ्रांस नावाची एक कवयित्री होऊन गेली. तिनं गोष्टी काव्यात लिहिल्या, त्यातली एक याच समजुतीवर आहे. ती ऐका. शेजारच्या सरदाराच्या बायकोला जुळे मुलगे होतात. निरोप येतो तेव्हा दुसऱ्या सरदाराची बायको भर पंगतीत म्हणते, दोन पुरुषांशिवाय दोन मुलं होतात होय? बोल वाऱ्यासारखा पसरतो. त्या बाळंतिणीचा नवरा तिच्यावर पहारा बसवतो. आणि त्याच वर्षी बोलणारीलाच दिवस जातात. होतात काय, तर जुळ्या मुली! आता हिचे शब्द हिच्याच गळ्यात. एक मूल मारून टाकावं असंही तिच्या मनात येतं. शेवटी दासी एका मुलीला नेऊन मठाच्या दारातल्या झाडावर ठेवून येते. पुढे ती मुलगी मोठी होते, तिचं लग्न, बहिणीची ओळख, बरंच काही होतं. पण आपल्याला इथवरच पुरे. आठशे वर्षांपूर्वी एका बाईनं हे लिहून ठेवलं, की एका वाक्यापायी एकीवर पहारा बसला आणि दुसरीनं पोटची पोर टाकली. बारशाला बोलून गेलेल्या त्या पाहुण्या बाईंनी ही गोष्ट ऐकली असती तर बरं झालं असतं.

1714 सालची एक हकीकत फ्रान्सच्या बुफाँ या पंडितानं नोंदवली. अमेरिकेतल्या चार्लस्टन गावात एका गोऱ्या बाईला जुळं झालं, एक गोरं आणि एक काळं. तिनं सांगितलं की घरातल्या काळ्या नोकरानं जिवाची धमकी देऊन जबरदस्ती केली. तो गुलामगिरीचा काळ. त्या नोकराचं म्हणणं काय होतं, हे त्या हकीकतीत नाही. 1810 साली जॉन आर्चर या अमेरिकन डॉक्टरनंही अशाच जुळ्याची नोंद केली. मग वैद्यांच्या पुस्तकांत वाद सुरू झाले: दुसरं मूल त्याच वेळी राहिलं की मागाहून?

या दोन गोष्टींत फरक आहे, तो नीट समजून घेऊ. एका पाळीच्या चक्रात कधी कधी बाईची दोन बीजं सुटतात. पुरुषबीज बाईच्या अंगात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. त्यामुळे त्या दिवसांत दोन पुरुषांशी संबंध आला, तर दोन बापांची जुळी होऊ शकतात. डीएनए तपासणीत अशी उदाहरणं सापडलीत, पण ती फारच थोडी. शिवाय दोन बीजांची जुळी म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडं. सख्ख्या भावंडांत एक गोरं, एक सावळं नसतं का? रंगावरून काही सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पोटात एक महिन्याचा गर्भ आहे आणि पुन्हा नव्यानं दिवस गेले. मावशींचा प्रश्न हा होता.

याचं उत्तर मिळालं ते प्रश्न उलटा विचारल्यावर. दुसरं कसं राहतं, हे सोडून कुणीतरी विचारलं, की एक राहिल्यावर दुसरं का राहत नाही?

त्याला वेळ लागला, कारण बाईचं बीज कुणी पाहिलंच नव्हतं. 1827 साली फोन बेअर या शास्त्रज्ञाला ते पहिल्यांदा दिसलं, तेही एका कुत्रीच्या बीजकोशात. बीज सुटलं की त्या जागी एक पिवळी गाठ तयार होते. तिचं काम काय, कुणाला ठाऊक नव्हतं. 1897 मध्ये एडिंबरोच्या जॉन बिअर्डनं तर्क मांडला, की गरोदरपणी नवीन बीज सुटू न देणं हे या गाठीचं काम असावं. थोड्याच वर्षांत लुडविग फ्रँकेलनं सशांवर प्रयोग केले. गाभण सशीच्या त्या गाठी काढल्या की गर्भ टिकत नव्हता.

मग आला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा लुडविग हाबरलांट. 1919 च्या सुमारास त्यानं गाभण सशीचा बीजकोश काढून दुसऱ्या, गाभण नसलेल्या सशीच्या कातडीखाली बसवला. तिला नर दाखवला, तरी ती काही काळ गाभण राहिली नाही. तिच्या अंगाला वाटलं, आपण आधीच गाभण आहोत! त्यातून त्यानं म्हटलं, हाच रस गोळीत घालून बाईला दिला, तर नको तेव्हा दिवस जाणार नाहीत. लोकांनी त्याला खूप छळलं. 1932 साली तो गेला. त्या रसाला आता प्रोजेस्टेरॉन म्हणतात, 1934 मध्ये तो शुद्ध स्वरूपात हाती आला. 1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. त्याआधी ती पोर्तोरिको बेटावरच्या गरीब बायकांवर तपासली गेली, खूप जास्त मात्रेत, आणि हा प्रयोग आहे हे त्यांना नीट सांगितलंही नव्हतं. तीही गोष्ट विसरायची नाही. आज आशाताईंच्या पिशवीत माला-एनचं पाकीट असतं ना, 21 पांढऱ्या गोळ्या आणि लोहाच्या 7 तपकिरी, त्याच्या मुळाशी "गरोदर बाईला पुन्हा दिवस का जात नाहीत" हाच प्रश्न आहे.

तर उत्तर असं. दिवस गेले की अंगातली संप्रेरकं नवीन बीज पिकू देत नाहीत. गर्भपिशवीच्या तोंडाशी घट्ट चिकट बूच बसतं. आणि आत जागा आधीच धरलेली असते. या तिन्ही अडचणी ओलांडून दुसरा गर्भ राहिल्याच्या नोंदी साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यातल्या बऱ्याच मूल होण्यासाठी औषधं घेतलेल्या बायकांच्या. 2020 साली इंग्लंडमध्ये अशा एका बाईला जुळं झालं, दोघांत सुमारे तीन आठवड्यांचं अंतर असल्याचं सोनोग्राफीत दिसलं होतं. रानसशाबद्दल मात्र अरिस्टॉटल बरोबर होता. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये सोनोग्राफी करून दाखवलं, की सशी व्यायच्या तीन-चार दिवस आधी पुन्हा गाभण राहू शकते.

कधी कधी वेगळंच काही असतं. 2019 साली बांगलादेशात जेसोरजवळच्या एका गरीब बाईला मूल झालं, आणि 26 दिवसांनी पुन्हा पोटात दुखू लागलं. तपासलं तर आत आणखी जुळं! तिला जन्मापासून दोन गर्भपिशव्या होत्या. आधी एकदाही सोनोग्राफी झाली नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. सुदैवानं तिन्ही बाळं सुखरूप राहिली.

आणि एक. "मला तर पोटुशी असताना पाळी आली होती," असं काही जणी सांगतात. ती पाळी नसते. गरोदरपणी अंगावरून जाणं ही धोक्याची खूण असू शकते. नंतर बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शिवाय तारीख तिथूनच चुकते, आणि मग महिन्यांचा हिशोब जुळला नाही की जिभा सुटतात.

मी मावशींना एवढंच सांगितलं होतं, की जुळ्यांत एक बारकं असणं नेहमीचं आहे. एकाच्या वारेतून रक्त जास्त जातं, दुसऱ्याला कमी मिळतं. ते धाकटं मागून राहिलेलं नाही, पोटात उपाशी राहिलेलं आहे. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे त्याला जास्त पाजाय पाहिजे की." परवा त्यांचा फोन आला होता. अंगणवाडीत वजन केलं, धाकटं अडीच किलोच्या वर गेलंय.