रामशेजचा वेढा
नासिकच्या उत्तरेस दिंडोरी तालुक्यात असलेल्या रामशेज किल्ल्यास १६८२ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेवरून शहाबुद्दीनखानाने वेढा घातला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा मराठा शिबंदीने झाडांची खोडे पोखरून व त्यांवर कातडे मढवून तोफा तयार केल्या. त्यांचा मारा प्रभावी ठरल्याचे मोगल इतिहासकार खाफीखान नमूद करतो. पाण्यासाठी कातळात खोदलेली टाकी होती. मोगलांनी उभारलेला लाकडी दमदमा निरुपयोगी ठरला. शहाबुद्दीनखानानंतर आलेल्या खानजहान बहादूराचा रात्रीचा छुपा हल्लाही फसला आणि त्यास माघार घ्यावी लागली. बाहेरील रसद तुटल्यावर पाण्याचा साठा आणि हाताशी असलेल्या साहित्याचा कल्पक उपयोग हेच दुर्गाचे खरे बळ ठरते, हे या वेढ्यावरून दिसून येते.