मूल शाळेत, यादी कचेरीत

कल्याणहून भिवंडीकडे जाताना दुर्गाडी किल्ल्याजवळ उल्हास नदीवरचा पूल ओलांडला की कोन गाव लागते. भिवंडी परिसराची ओळख यंत्रमागांची. गेल्या काही दशकांत तिथे मोठमोठी गोदामेही उभी राहिली. समजा, या गावातली दहावीची एखादी मुलगी विचारते, ‘‘सर, मी पुढे काय करू?’’ सर तिचे गुण पाहतात आणि विज्ञान, वाणिज्य, कला या तीन दारांपैकी एक दाखवतात. दाराच्या आत काय आहे, हे बहुधा त्यांनाही नीटसे ठाऊक नसते. दोष सरांचा म्हणावा तर तसेही नाही. सल्ला देणाऱ्याच्या हाती कोणती साधने आली आणि कोणती आलीच नाहीत, हे पाहायला थोडे मागे जावे लागेल.

जानेवारी १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचे एक केंद्र सुरू केले. पोट भरायला शहरात आलेल्या तरुणांना कोणते काम आपल्याला झेपेल, हे कळावे हा हेतू. त्याच वर्षी पार्सन्स वारले. त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले. त्यांची रीत तीन पायऱ्यांची होती. पहिली, स्वतःला ओळखणे. दुसरी, निरनिराळ्या व्यवसायांत काय करावे लागते, काय मिळते आणि पुढे वाव किती, हे जाणून घेणे. तिसरी, या दोहोंची सांगड विचारपूर्वक घालणे. पहिल्या दोन पायऱ्यांपैकी एक जरी निखळली, तरी तिसरीवर पाय ठेवता येत नाही. आपल्याकडे पुढे जे घडले, ते समजायला एवढे सूत्र पुरेसे आहे.

भारतात या कामाला विद्यापीठाच्या आधाराने सुरुवात झाली. १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात उपयोजित मानसशास्त्राची शाखा निघाली आणि व्यक्तीची क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांवर काम होऊ लागले. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचे, तर १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले. पुढे जी संस्था व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था म्हणून ओळखली गेली, तिचे मूळ हेच.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९५३ च्या अहवालात त्याने प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी आणि ‘करिअर मास्टर’ हळूहळू सर्व शाळांना मिळावेत, असे सुचवले. त्याला जोडूनच आणखी एक शिफारस होती, पण ती आपण सहसा विसरतो : निरनिराळ्या उद्योगांत काम कसे चालते हे दाखवणारे चित्रपट तयार करावेत आणि जोडीला मुलांना प्रत्यक्ष त्या जागी न्यावे. १९५४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने दिल्लीला केंद्रीय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) किमान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे म्हटले.

हा झाला शिक्षण खात्याचा रस्ता. श्रम खात्याचा रस्ता निराळा होता. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामे मिळवून देण्यासाठी १९४५ मध्ये सेवायोजन कचेऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. उमेदवार आणि रिकामी जागा यांची गाठ घालायची, तर दोघांसाठी एकच भाषा हवी. ‘मागावर काम करतो’ एवढ्याने भागत नाही. ताण्याचे धागे ओवणारा, कांड्या भरणारा, माग चालवणारा, माग दुरुस्त करणारा हे चार निरनिराळे कामगार आहेत. म्हणून व्यवसायांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण करावे लागले. आंतरराष्ट्रीय धर्तीवरचे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण १९५८ मध्ये झाले. १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये ते सुधारले गेले. २००४ च्या यादीत २९४५ व्यवसाय होते, २०१५ च्या यादीत सुमारे ३६००. वनस्पतींचे जसे कुळ, प्रजाती, जाती असे वर्गीकरण असते, तसेच इथे विभाग, गट, कुटुंब असे टप्पे आहेत. प्रत्येक व्यवसायाला क्रमांक आहे आणि त्यात काय काम करावे लागते याचे वर्णनही आहे.

आता पार्सन्सची रीत आठवा. पहिल्या पायरीची साधने, म्हणजे चाचण्या, शिक्षण खात्याकडे गेली. दुसऱ्या पायरीचे साधन, म्हणजे व्यवसायांची माहिती, श्रम खात्याकडे साठत गेली. मूल शाळेत आणि यादी कचेरीत! शिक्षकाच्या वाट्याला बहुतेक वेळा चाचणीचा निकाल तेवढा आला. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. कल तांत्रिक कामाकडे आहे, एवढे तिने सांगितले. पण तांत्रिक कामे कोणती, ती कुठे शिकतात, घरापासून किती दूर, त्यांवर संसार चालतो का? या प्रश्नांची उत्तरे कलाच्या निकालात असू शकत नाहीत. ताप मोजला म्हणजे औषध कळले असे नव्हे.

अलीकडे हे अंतर थोडे कमी झाले आहे. जुलै २०१५ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ सुरू केली. नोकरीच्या जागा, व्यवसायांची माहिती आणि समुपदेशन एकाच ठिकाणी आणण्याचा हा प्रयत्न आहे. तरीही देशभराची यादी गावाच्या वेशीपर्यंतच पोचते. आत काय चालले आहे, हे तिला दिसत नाही. धोट्याचे जुने माग जाऊन बिनधोट्याचे माग येत आहेत, तेव्हा कोणते काम उरेल? गोदामात हमालीच्या पलीकडे साठा-नोंदीची, यंत्र चालवण्याची कोणती कामे आहेत? हे इथल्याच माणसांना विचारावे लागते.

हे शिक्षक आणि विद्यार्थी मिळून करू शकतात. आठवी-नववीच्या मुलांनी जोडीजोडीने एकेका कामगाराला भेटावे आणि एक पान भरावे : दिवसभरात काय करता? कोणती हत्यारे, कोणती यंत्रे? हे कुठे शिकलात, किती दिवसांत? काम नसते असे महिने कोणते? मागांच्या खडखडाटाने कानांवर काय परिणाम झाला? यापुढची पायरी कोणती, आणि तिथे जायला काय शिकावे लागेल? पाने जमली की ती राष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमाने लावावीत आणि दरवर्षी नव्या वर्गाने तपासावीत. माणसाचे नाव लिहू नये, कामाचे लिहावे.

चार वर्षांत कोनसारख्या गावातल्या शाळेपाशी अशी वही तयार होईल, जी कोणत्याही सरकारी कचेरीत नाही. मग पुढची मुलगी ‘‘मी काय करू?’’ असे विचारायला आली, तर सरांनी लगेच उत्तर देऊ नये. आधी वही तिच्यापुढे ठेवावी. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये मागितलेली ती भेट निदान आता तरी होईल.